बंद पडण्यासाठी काढलेली संस्था

माणसाने जन्मभरात एकूण किती धक्के खायचे याचा रेशनच्या साखरेसारखा काही कोटा ठरलेला असेल, तर माझा सगळा कोटा माझ्या बायकोच्या आत्याने मी पस्तिशीला पोचायच्या आतच संपवून टाकला. आता मला कशाचं काही वाटत नाही. सात वर्षांनी आमचा गॅसचा नंबर लागला तेव्हा बायको पेढे वाटत सुटली होती, मी पेपर वाचत होतो. आमच्या इमारतीच्या गच्चीचा कठडा एका दुपारी धाडकन खाली आला, लोक ओरडत रस्त्यावर धावले, मी शर्टाची बटणं नीट लावून सावकाश बाहेर पडलो. ज्याने आत्याबाईंच्या संस्थेचं चिटणीसपद सांभाळलंय, त्याने कठड्याला काय भ्यायचं?

पहिला धक्का लग्नातच बसला, तोही बोहल्यावर. अक्षता पडल्या, हार घालून झाले, लोक अहेर घेऊन रांगेने वर येऊ लागले. त्या रांगेत पांढऱ्या सुती साडीतल्या, उंच, काटक, खांद्याला शबनम अडकवलेल्या एक बाई होत्या. ‘‘ही माझी आत्या,’’ बायको पुटपुटली. मी वाकून नमस्कार केला, सरळ झालो आणि एव्हाना झालेल्या सवयीने हात पुढे केला, तर हातात पाकिटाऐवजी पेन आलं. ‘‘जावईबापू, संस्थेच्या नोंदणीला सात माणसं लागतात, सहा झालीत. तुम्ही आता घरचे. इथं सही करा. खाली चिटणीस लिहिलंय तिकडे लक्ष देऊ नका.’’ कसली संस्था, ती करते काय, मला एक अक्षर माहीत नव्हतं. पण मागे रांग खोळंबली होती, आणि माझी बायको होऊन जेमतेम दहा मिनिटं झालेली बाई मला म्हणाली, ‘‘करून टाका. तिला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही.’’ मी मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि सही केली. बाकीची नावं मी नंतर वाचली. अध्यक्ष स्वतः आत्याबाई, आणि सभासद म्हणून माझे सासरे, आत्याबाईंच्या दवाखान्यातला कंपाउंडर, दोन नर्सा आणि मरोळ नाक्यावरचा इस्त्रीवाला. इस्त्रीवाल्यालाही संस्था कसली ते ठाऊक नव्हतं, हे कळल्यावर मला जरा धीर आला.

आत्याबाई अंधेरीला मरोळच्या बाजूच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. लग्न केलं नव्हतं. नोकरीत असताना त्या एकदा आरे कॉलनीच्या जंगलातल्या एका वारली पाड्यावर पोरांना लस टोचायला गेल्या आणि तिथल्याच होऊन बसल्या. माझे सासरे गिरणीतले, मालवणकडचे. ते एका वाक्यात बहिणीचं चरित्र सांगून टाकत, ‘‘लस टोचूक गेली ती थंयच रवली.’’ त्या पाड्यात तीसेक घरं होती आणि पाठीमागे एक टेकडी. तिच्या पायथ्याशी झरा होता, पण टेकडीवर कोणीही यायचं, काहीही तोडून न्यायचं, कुठल्या कुठल्या गोठ्यांतल्या म्हशी चरायच्या, आणि हजामत केल्यासारख्या त्या टेकडीखालचा झरा होळीच्या आधीच आटून जायचा. मग बायका हंडे घेऊन लांबच्या नळावर. आत्याबाईंनी त्यांना विचारलं, यावर औषध काय? बायका म्हणाल्या, टेकडी काही वर्षं बंद ठेवायची, आमच्या म्हाताऱ्यांना हे पहिल्यापासून ठाऊक आहे, पण आमचं ऐकतो कोण? ‘‘मग ऐकायला लावू,’’ असं म्हणून आत्याबाईंनी संस्था काढली. तिचं काम इतकंच होतं की टेकडी पाड्याने राखायची, नियम पाड्याने करायचे, आणि संस्थेने अर्ज लिहायचे, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायच्या आणि बाकी वेळ गप्प बसायचं.

आम्ही सह्या करणारे सगळे नोंदणी कचेरीत गेलो, तर तिथला कारकून संस्थेची घटना वाचता वाचता शेवटच्या उद्देशापाशी थांबला. तिथे लिहिलं होतं, ‘वरील सर्व उद्देश साध्य होताच बंद पडणे.’ त्याने चष्मा काढला. ‘‘बाई, बंद पडायला कोणी संस्था काढतं का?’’ आत्याबाई म्हणाल्या, ‘‘तुम्ही दवाखान्यात कायमचे राहायला येता का?’’ कारकुनाने माझ्याकडे पाहिलं, मी इस्त्रीवाल्याकडे पाहिलं, आणि शिक्का पडला.

पाड्यावरच्या पहिल्याच सभेला मी गेलो तेव्हा अध्यक्षबाई एका कडेला जमिनीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या तोंडात थर्मामीटर होता. मला वाटलं, ताप आहे. अर्धा तास झाला तरी थर्मामीटर तोंडातच. समोर पाडा गवतावरून कडाकडा भांडत होता, आत्याबाईंचे डोळे मोठे होत होते, भुवया वर जात होत्या, पण तोंड बंद. सभा संपल्यावर त्यांनी थर्मामीटर काढला, उजेडात धरून पाहिला आणि समाधानाने म्हणाल्या, ‘‘साडेअठ्ठ्याण्णव. म्हणजे चिडले नव्हते मी.’’ झालं होतं असं की सुरुवातीच्या सभांमध्ये त्या मध्ये मध्ये बोलत, आणि त्या बोलल्या की सगळे मान डोलवत आणि विषय संपे. त्यांना याचा मनस्वी राग यायचा. मान डोलवली की सभा मेली, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मग आपल्याच तोंडावर त्यांनी हा पहारा बसवला होता. मी म्हटलं, ‘‘आत्या, नुसतं गप्प बसता येत नाही का?’’ त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी त्यांना उडायला सांगितलं होतं.

नर्सपणा त्यांच्या हाडात मुरला होता. दवाखान्यात असताना रद्दीत निघालेले केसपेपर त्यांनी गठ्ठ्याने आणून ठेवले होते आणि टेकडीवर आपोआप फुटून आलेल्या प्रत्येक रोपाचा केसपेपर तयार केला होता. रुग्णाचे नाव, ऐन. वय, अंदाजे दोन. तक्रार, शेंडा शेळीने खाल्ला. उपचार, विश्रांती. चिटणीस या नात्याने ते कागद माझ्या ताब्यात होते, आणि बँकेत जाणाऱ्या शहाण्यासुरत्या माणसाने रविवारी सकाळी टेकडीवर उकिडवं बसून, ‘‘करंज, वय तीन, प्रकृती समाधानकारक’’ असं लिहून घ्यावं, यात काही गैर आहे असं मला पुढे पुढे वाटेनासं झालं. एकदा तर त्यांनी बोलता बोलता एका पळसाचं खोड दोन बोटांत धरलं आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे पाहायला लागल्या. मी नवा केसपेपर काढून पेन उघडलं.

टेकडीची राखण चाले ती एका काठीवर. ऐनाची, छातीपर्यंत येणारी एक साधी काठी. सकाळी ती ज्याच्या दाराशी टेकवलेली दिसेल त्या घराने दिवसभर टेकडी राखायची आणि संध्याकाळी ती पुढच्या दाराला टेकवून यायची. कोणाला अडचण असली तर काठी एखादं घर सोडून पुढे जाई. वही नाही, यादी नाही, हजेरी नाही. काठी दारात तर पाळी, काठी नाही तर पाळी नाही. आत्याबाईंनी एकदा, थर्मामीटर काढून, सुचवलं होतं की ओळखायला सोपं जावं म्हणून तिला लाल फडकं बांधावं. पाड्यातली सगळ्यांत मानाची बाई म्हणजे सोमी. काळीसावळी, बुटकी आणि बोलायला तोडून टाकणारी. ती म्हणाली, ‘‘ज्याला काठी वळखता येत नाय, तो कसला पाड्याचा?’’ फडकं नामंजूर झालं.

या काठीपुढे लहानमोठा भेद नव्हता. एकदा एका मोठ्या कंपनीचे साहेब गुलमोहराची रोपं आणि आपल्या नावाची पितळी पाटी घेऊन गाडीतून आले. कोणत्याही संस्थेने पायघड्या घातल्या असत्या. आत्याबाई म्हणाल्या, ‘‘मी कोण ठरवणार? सभेला विचारा,’’ आणि थर्मामीटर तोंडात घालून बसल्या. साहेब टायमध्ये दोन तास दगडावर. शेवटी सभेने सांगितलं, झाडं आपली आपण येताहेत, रोपं नकोत, पाटीही नको, पण आज पाळीच्या घरात दोघेही तापाने पडलेत, तेव्हा साहेब मोकळे असतील तर त्यांनी काठी घ्यावी. मला घाम फुटला. साहेबांनी टाय सैल केला आणि काठी घेतली. संध्याकाळपर्यंत हा माणूस शेळ्या हाकलत होता. पुढे तो दरवर्षी एक दिवस पाळीला येऊ लागला, आणि पाटीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

पाच-सहा वर्षांत टेकडी अंगाने भरली. झरा होळीनंतरही टिकू लागला. आणि नेमकं तेव्हाच कळलं की ती सरकारी जमीन तारेचं कुंपण घालून बंद करायची आणि आत भराभर वाढणारी एकाच जातीची झाडं लावायची, असं कुठेतरी ठरतंय. कुंपणात टेकडी जाणार, झरा जाणार, आणि पाड्याने बाहेर उभं राहून बघायचं. आम्ही दोन वर्षं अर्ज खरडले. शेवटी एका सरकारी साहेबांनी सांगितलं की मी स्वतः येऊन बघतो. पाडा खरंच टेकडी राखतो असं दिसलं तर कुंपणाचा विचार सोडून देऊ. दिवस ठरला. होळी होऊन पंधरा दिवस झाले होते, ऐनाला नवी पालवी होती. आत्याबाईंनी मला बँकेतून रजा घ्यायला लावली.

ठरल्याप्रमाणे सकाळी मी मरोळला गेलो, तर आत्याबाई घोट्याला पट्टी बांधून, काठी टेकत जिना उतरत होत्या. आदल्या संध्याकाळी सोमीकडे चहा पिऊन निघताना पायरीवर पाय मुरगळला, म्हणाल्या, मग दारात एक काठी होती ती घेऊन घरी आले. मी एकदा काठीकडे पाहिलं आणि गप्प बसलो. मला काठ्यांमधलं काही कळत नाही. बसमधून उतरून आम्ही पाड्यापाशी पोचलो तेव्हा साहेबांची जीप नुकतीच येऊन थांबली होती, अंगणं झाडूनपुसून लख्ख होती, पाडा धुतलेल्या कपड्यांत उभा होता आणि सगळेजण तोंड उघडं ठेवून टेकडीकडे बघत होते. टेकडीवर अकरा म्हशी होत्या. शांतपणे, अजिबात घाई न करता, त्या आमची सात-आठ वर्षं चघळत होत्या.

सकाळी सोमीला दारात काठी दिसली नाही. तिला वाटलं, काठी पुढच्या घरी गेली. पुढच्या घराला वाटलं, सोमीकडे आहे. पाळी कोणाचीच नव्हती, म्हणून टेकडीवर कोणीच नव्हतं. पोरं म्हशी हाकलायला धावली, आणि उरलेल्या पाड्याची नजर टेकडीवरून वळून आत्याबाईंच्या हाताकडे आली.   मी आत्याबाईंच्या कानाशी लागलो, ‘‘इकडे द्या, मी झुडपात टाकतो. म्हणू वाऱ्याने पडली.’’ त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतक्या वर्षांत त्यांना धक्का बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण त्यांनी माझा हात झटकला आणि काठी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. ‘‘काठी माझ्याकडे होती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सभा बसवा.’’

‘‘आत्ता?’’ मी म्हणालो. ‘‘साहेबांसमोर?’’

‘‘मग कोणासमोर? साहेब, जरा बसा.’’

साहेब बसले. बहुधा आश्चर्यानेच बसले. सोमीने काठी घेऊन मधोमध ठेवली आणि विचारायला सुरुवात केली.

‘‘बाई, काठी कोणाची?’’

‘‘पाड्याची.’’

‘‘पाळी तुझी व्हती?’’

‘‘नव्हती.’’

‘‘मग नेलीस कशाला?’’

‘‘पाय मुरगळला होता. मला ओळखू आली नाही गं.’’

‘‘पाय मुरगळला तर माणूस हाक मारतं,’’ सोमी म्हणाली. ‘‘आम्ही हितंच व्हतो.’’

 काठीत हयगय होऊन टेकडीचं नुकसान झालं, तर त्या माणसाने पुढच्या गवतकापणीपर्यंत टेकडीवर पाय ठेवायचा नाही आणि सभेला बसायचं नाही, असा पाड्याचा नियम होता. पण हा नियम आत्याबाईंना? मला वाटलं, दोन शब्द बोलतील आणि सोडून देतील. ते अर्धा तास भांडले. एक म्हातारा रडलासुद्धा. आणि मग सोमीने सांगितलं, ‘‘बाई, नियम हाय तो हाय. गवत कापेपर्यंत तू यायचं नाय.’’ मी ताडकन उठलो. ज्या बाईने तुमच्यासाठी हाडाची काडं केली तिला तुम्ही हाकलून देता, असं काहीबाही बरळायला लागलो. आत्याबाई चिडल्या की त्यांना मालवणी फुटायची आणि जावयाचा मान सुटायचा. ‘‘गप रव रे मेल्या! सभा चालू असा.’’ मी बसलो. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, सोमीने दिलेला चहा प्यायला, तुडवलेल्या टेकडीवर एक चक्कर मारली आणि एक शब्द न बोलता ते निघून गेले. वाट लागली, मी मनात म्हटलं.

परतीच्या बसमध्ये आत्याबाई खिडकीशी बसून रडत होत्या, आणि मध्येच हसत होत्या. ‘‘पाहिलंत?’’ त्या म्हणाल्या. ‘‘लस टोचायला गेले तेव्हा ही सोमी मान वर करून माझ्याशी बोलत नव्हती. आज तोंडावर सांगितलं मला, येऊ नकोस म्हणून.’’ मी विचारलं, आणि टेकडीचं काय? त्यांनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, ‘‘टेकडीची मला फार भीती वाटते हो.’’ मला त्यांचा राग आला होता, सोमीचा आला होता, म्हशींचा आला होता, आणि या सगळ्यांपेक्षा जास्त, सकाळी काठीकडे पाहून गप्प बसलेल्या माझा स्वतःचा आला होता.

ते सात-आठ महिने आत्याबाईंनी शिक्षा अक्षरशः भोगली. निरोप नाही, चौकशी नाही, अर्जसुद्धा नाही. अर्जाचं मी विचारलं तर म्हणाल्या, तो सभेने ठरवायचा, मी सभेत नाही. घोटा बरा झाल्यावर रोज सकाळी त्या मरोळ नाक्यापर्यंत चालत जात, आरेची बस बघत, आणि परत येत. उरलेल्या वेळात आमच्याकडे येऊन त्यांनी आमच्या मजल्यावरच्या सगळ्या कुंड्यांचे केसपेपर केले. शेजारच्या काकूंच्या मोगऱ्याला त्यांनी ‘पाणी अती, मालकीण हट्टी’ असं निदान लिहून दिलं, त्यावरून काकू महिनाभर आमच्याशी बोलत नव्हत्या.

दसऱ्यानंतर पत्र आलं. साहेब मधल्या काळात दोनदा येऊन गेले होते, आणि दोन्ही वेळा सोमीने आणि बाकीच्यांनी त्यांना टेकडी फिरवून दाखवली होती. म्हशींनी खाल्लेल्या ऐनांना बुडातून नवे फुटवे आले होते. कुंपण रद्द झालं, टेकडीची राखण पाड्याकडेच राहील असं लेखी आलं. मी ओरडलोच. पत्र पाड्याच्या सभेच्या नावाने होतं, आमच्या संस्थेला नुसती प्रत पाठवली होती, आणि कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘माहितीसाठी’. आत्याबाईंनी पत्र एकदा वाचलं. तो कोपरा मात्र पुन्हा पुन्हा वाचला. मग चष्मा पुसून म्हणाल्या, ‘‘जावईबापू, संस्था बंद करायचा अर्ज लिहायला घ्या.’’

मी वाद घातला, बायकोला मध्ये घातलं, सासऱ्यांना घातलं. काही उपयोग झाला नाही. सातही सह्या झाल्या. गवत कापून झालं, बंदी उठली, तरी त्या पाड्यावर जाईनात. ‘‘मी गेले की पुन्हा माना डोलवतील,’’ म्हणत. शेवटी केसपेपरांचे गठ्ठे पाड्याच्या हवाली करायला मला एकट्याला धाडलं. मी गेलो तेव्हा सभा चालू होती. पुढच्या वर्षी टेकडीचा कोणता भाग गवतासाठी उघडायचा यावरून जोरात जुंपली होती. मला बसायला दगड दिला, गठ्ठे ठेवून घेतले आणि पुन्हा भांडायला लागले. निघताना सोमी माझ्यामागून आली. ‘‘बाई बरी हाय ना? येत कशी नाय?’’ म्हणाली, आणि तिने मूठभर करवंदाचं लोणचं पानात बांधून दिलं.

मरोळला परत आलो तर आत्याबाई दारातच उभ्या होत्या. मी लोणचं दिलं, सोमीची चौकशी सांगितली. त्यांनी पुडी बाजूला ठेवली. ‘‘ते राहू दे. सभेत कशावरून भांडत होते?’’ मी सांगितलं. ‘‘कोणाचं चाललं?’’ तेही सांगितलं. थोडा वेळ त्या साडीच्या पदराला गाठ मारत आणि सोडत बसल्या. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, ‘‘सभेत माझं नाव निघालं का?’’

खोटं बोलायला एक क्षण मिळाला होता. पण त्यांच्याशी खोटं बोलायचं मला कधी जमलंच नाही. ‘‘नाही,’’ मी म्हणालो.

‘‘एकदासुद्धा?’’

‘‘एकदासुद्धा नाही.’’

‘‘छान,’’ त्या म्हणाल्या. ‘‘असंच व्हायला हवं होतं,’’ आणि चहा टाकायला आत गेल्या. आत्याबाईंचा चहा पाच मिनिटांत व्हायचा. त्या दिवशी स्टोव्हला पंप मारल्याचा आवाजच कितीतरी वेळ आला नाही, आणि उठून आत जायचा धीर मला झाला नाही. बऱ्याच वेळाने त्या कप घेऊन आल्या. चहात साखर नव्हती. मी तो सगळा प्यायलो आणि आणखी अर्धा कप मागून घेतला.